ऑनलाइन पदवी व प्रमाणपत्रे

ऑनलाइन पदवी व प्रमाणपत्रे : शिक्षणसंस्थेत नित्य उपस्थित न राहता आंतरजालाच्या माध्यमातून पाठ्यक्रम पूर्ण करून मिळविलेल्या अर्हता. नोकरी अथवा घरसंसार सांभाळून दुसऱ्या व्यवसायात जाऊ पाहणाऱ्या प्रौढांना त्यांचा विशेष उपयोग होतो. पदवी व प्रमाणपत्र हे शब्द जोडीने वापरले जात असले, तरी कायद्याच्या दृष्टीने त्यांत मूलभूत भेद आहे. विद्यापीठ अनुदान आयोग अधिनियम, १९५६ च्या २२ व्या कलमानुसार भारतात पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठे, अभिमत विद्यापीठे व संसदेने तसा अधिकार दिलेल्या संस्था यांनाच आहे. साध्या प्रमाणपत्राला हे बंधन नाही. ते खाजगी कंपनीही देऊ शकते व त्याचे मोल नोकरी देणाऱ्याच्या विश्वासावर ठरते.

घरी अभ्यास करून पदवी मिळविण्याची प्रथा जुनी आहे. लंडन विद्यापीठाने १८५८ पासून बहिःस्थ विद्यार्थ्यांना परीक्षेस बसू दिले. भारतात दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये पत्रद्वारा शिक्षण सुरू केले. पुढे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ (१९८५) व नाशिक येथील यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ (१९८९) यांनी नोकरदार वर्गाला उच्च शिक्षणाचे दार उघडले. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या कृत्रिम बुद्धिमत्तेवरील खुल्या पाठ्यक्रमास २०११ मध्ये सुमारे १,६०,००० जणांनी नावे नोंदविली. पूर्ण करणारे मात्र त्यांतील अल्पांशच होते. अशा पाठ्यक्रमांचे हे वैगुण्य अद्याप गेलेले नाही. भारत सरकारच्या ‘स्वयम्’ या व्यासपीठावर (२०१७) शिकणे विनामूल्य आहे. प्रमाणपत्र हवे असल्यास शुल्क भरून परीक्षा द्यावी लागते.

मद्रास येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेने २०२० मध्ये घोषित केलेला विदाविज्ञानाचा पदवी पाठ्यक्रम या संदर्भात उल्लेखनीय होय. त्यास वयाची अट नाही. व्याख्याने व साप्ताहिक स्वाध्याय घरून होतात, परंतु मुख्य परीक्षा केंद्रावर प्रत्यक्ष द्यावी लागते. मध्येच थांबावे लागले, तर गाठलेल्या टप्प्यानुसार प्रमाणपत्र वा पदविका पदरात पडते. संसाराच्या ओढाताणीत शिकणाऱ्याला ही सोय फार मोलाची वाटते.

मान्यतेची उपेक्षा किती महाग पडते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या ३ नोव्हेंबर २०१७ च्या निकालावरून दिसून येते. चार अभिमत विद्यापीठांनी अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या पूर्वसंमतीविना दूरशिक्षणाने अभियांत्रिकीच्या पदव्या दिल्या होत्या. २००१ ते २००५ या काळात प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या न्यायालयाने स्थगित करून त्यांना परिषदेची परीक्षा देण्याची मुभा दिली. त्यानंतरच्यांच्या पदव्या रद्दच ठरविल्या आणि शुल्क परत करण्याचा आदेश दिला. यांत बढतीसाठी शिकलेले नोकरदारही होते. शुल्क परत मिळू शकते, पण खर्ची पडलेल्या वर्षांची भरपाई कोणत्याही आदेशाने होत नाही.

आयोगाच्या २०२० च्या विनियमांनुसार अभियांत्रिकी, वैद्यक, दंतवैद्यक, औषधनिर्माण, परिचर्या, वास्तुकला इ. विषयांच्या पदव्या ऑनलाइन देता येत नाहीत. इतर विषयांतील मान्य ऑनलाइन पदवी नियमित पदवीशी समकक्ष असल्याचे आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. मान्यता संस्थेला सरसकट नसून विशिष्ट पाठ्यक्रमाला व विशिष्ट सत्रासाठी असते. म्हणून प्रवेशापूर्वी आयोगाने प्रसिद्ध केलेल्या यादीत पाठ्यक्रमाचे नाव पाहणे इष्ट. विद्यापीठाच्या नावावर मध्यस्थाने पाठ्यक्रम चालविणे विनियमांना मान्य नाही. जाहिरातीतील नाव आणि पदवी देणाऱ्या संस्थेचे नाव यांत पुष्कळदा अंतर असते, ते येथे ताडून पाहता येते.

आधीच पदवीधर असलेल्यास व्यवसायांतरासाठी दुसरी पदवी नेहमीच लागते असे नाही. आज्ञावलीलेखन, हिशेबनीस वा आरेखन यांसारख्या क्षेत्रांत केलेले काम दाखविता येत असल्यास अल्पकालीन प्रमाणपत्र पुरेसे ठरू शकते. जेथे परवाना अथवा सरकारी भरतीतील शैक्षणिक अट आड येते, तेथे मात्र ते निरुपयोगी होय. २०२१ च्या विनियमांनुसार विद्यापीठाला आपल्या पाठ्यक्रमातील एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक ‘स्वयम्’वरून स्वीकारता येतात, त्यामुळे सुटे मिळविलेले प्रमाणपत्रही काही वेळा पुढील पदवीत जमा होऊ शकते.