कापूस वऱ्हाडचा, संग्रहालय मँचेस्टरचं

वाशीम जिल्ह्यातल्या शिरपूर जैनला बाहेरगावचा माणूस येतो तो अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या दर्शनाला. दिगंबर-श्वेतांबर वादापायी 1981 पासून कुलूपबंद असलेलं हे मंदिर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं उघडलं. हाच तंटा 1929 साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंतही पोचला होता. पण दाव्याचे कागद जाण्याच्या कितीतरी आधीपासून वऱ्हाडातून विलायतेला आणखी एक गोष्ट जात होती. ती म्हणजे कापूस.

तो पिंजून, कातून, विणून श्रीमंत झालेलं शहर मँचेस्टर. गिरण्या थंडावल्यावर त्या शहरानं आपलं जुनंपानं कसं सांभाळलं, हे बघण्यासारखं आहे. मँचेस्टर-लिव्हरपूल रेल्वे 15 सप्टेंबर 1830 रोजी सुरू झाली. तिचं लिव्हरपूल रोड स्टेशन आणि शेजारची मालाची वखार अजून शाबूत आहेत. 1983 पासून तिथं विज्ञान आणि उद्योग संग्रहालय आहे. पिंजणी, कताई आणि विणाईची जुनी यंत्रं तिथं चालवून दाखवतात. संग्रहात एक आगगाडीचं इंजिनही आहे. ते 1911 साली हिंदुस्थानच्या ब्रॉडगेजसाठी बनलं आणि फाळणीनंतर पाकिस्तान रेल्वेच्या वाट्याला गेलं.

खरी गंमत मात्र रॉयल एक्स्चेंजमध्ये. कापसाचे आणि कापडाचे सौदे व्हायचे ते हे प्रचंड दालन. 1968 साली सौदे थांबले. 1976 पासून तिथं नाटकं होतात. दालनाच्या मधोमध सात बाजूंचं काचेचं नाट्यगृह जुन्या खांबांच्या आधारानं तोललेलं आहे, आणि वर भिंतीवरच्या फलकावर शेवटच्या दिवसाचे भाव आजही तसेच आहेत. नाटकाला आलेला माणूस मान वर करून ते वाचतो. आपल्याकडे बाजार समितीतला कालचा भाव आज पुसला जातो.

शहरात अब्राहम लिंकनचा पुतळाही आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धानं कापूस अडला, गिरण्या बसल्या, तरी गुलामगिरीच्या विरोधात उभ्या राहिलेल्या मँचेस्टरच्या कामगारांना लिंकननं जानेवारी 1863 मध्ये पत्र लिहिलं, त्याची ही आठवण. त्याच टंचाईत गिरणीमालकांची नजर हिंदुस्थानकडे वळली. वऱ्हाड 1853 च्या तहानं निजामाकडून कंपनीच्या कारभाराखाली आलेलंच होतं. 1867 मध्ये रेल्वे वऱ्हाडातून थेट नागपूरला पोचली. सरकारनं हॅरी रिव्हेट-कार्नाक नावाचा खास कापूस कमिशनर नेमला. 1870 मध्ये खामगावचा फाटा सुरू झाला, तेव्हा व्हाइसरॉय लॉर्ड मेयो जातीनं हजर होते. व्हाइसरॉयनं एका बाजारगावी यावं, यातच त्या पांढऱ्या सोन्याची किंमत कळते.

ती किंमत कोणी मोजली, हेही सांगायला हवं. पऱ्हाटीचा पेरा वाढत गेला, शेतकरी बाजाराच्या भावाला बांधला गेला. 1896-97 आणि 1899-1900 च्या दुष्काळांनी वऱ्हाडची दैना केली. इतिहासकार लक्ष्मण सत्या यांनी कापूस आणि दुष्काळ यांचं हे नातं एका आख्ख्या पुस्तकात मांडलं आहे.

वाशीम जिल्ह्यात या कहाणीचा एक धागा कारंजा लाडहून जातो. मूर्तिजापूर-यवतमाळ नॅरोगेज, म्हणजे लोकांची लाडकी शकुंतला. किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीनं ती मुख्यतः कापसासाठी घातली. 1921 साली मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन ती 1994 पर्यंत ओढत होतं. कापूस तिकडे, इंजिन इकडे, असा तो व्यवहार! आता ही गाडीही बंद आहे.

मँचेस्टर म्युझियमनं 2023 मध्ये दक्षिण आशिया दालन उघडलं. त्याची मांडणी तज्ज्ञांवर न सोडता तिथल्या दक्षिण आशियाई समाजातल्या तीस जणांना सोबत घेऊन केली. हा धडा आपल्या कामाचा आहे. वऱ्हाडातही कापसाचं एक संग्रहालय व्हायला हवं, आणि त्याला परदेशी सल्लागार कशाला? वेचणीच्या बाया, जिनिंगमधले हमाल, अडते, एकाधिकार खरेदीच्या काळात बैलगाड्यांच्या रांगेत रात्री काढलेले शेतकरी हेच त्याचे जाणकार. पहिल्या वेचणीला सीतादही का करतात, हे त्यांच्याइतकं नीट कोण सांगणार?

जागेची वाण नाही. बंद पडलेला एखादा जिनिंग-प्रेसिंग कारखाना पुरे. कारंजा त्यासाठी सोयीचं गाव, कारण शकुंतलेचा रूळमार्ग तिथंच आहे. तोवर घरात अडत्याच्या जुन्या चिठ्ठ्या, काटापट्ट्या किंवा माळ्यावर पडलेला हातरेचा असेल, तर यंदा दिवाळीच्या साफसफाईत तेवढं भंगारात देऊ नका.