‘पंप गेला’ : एका विधानाची चिकित्सा

मोटारदुरुस्तीच्या व्यवहारात ‘पंप गेला’ किंवा ‘पंप जळला’ ही विधाने नित्य ऐकू येतात. यांतील दोन्ही क्रियापदे अकर्मक आहेत. ‘जळणे’ या क्रियापदाला ‘जाळणे’ हे सकर्मक रूप उपलब्ध असूनही ते येथे सहसा योजिले जात नाही. परिणामी घटना सांगितली जाते, परंतु ती घडविणारे कारण वाक्याबाहेरच राहते. उच्च क्षमतेच्या गाड्यांतील इंधनपंपाचा बिघाड टाळणे म्हणजे हा वगळलेला कर्ता शोधणे होय. तो न शोधता नवा पंप बसविल्यास बहुधा तोही जुन्याच्याच वाटेने जातो.

इंजेक्शन पद्धतीच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत विजेवर चालणारा पंप टाकीतच बसविलेला असतो. पेट्रोल त्याच्या मोटरीतून वाहते आणि वाहता वाहता तिला थंड ठेवून वंगणाचेही कार्य करते. म्हणून टाकी वारंवार तळाशी जाऊ देणे हे अपमृत्यूचे पहिले कारण ठरते. थोडे उरलेले पेट्रोल लवकर तापते. शिवाय तीव्र वळणावर ते एका बाजूस सरकते व पंप हवा ओढू लागतो. टाकी किमान चतुर्थांश भरलेली ठेवणे आणि शर्यतीच्या गाडीत इंधन एकत्र राखणारे आडपडदे किंवा छोटी उपटाकी बसविणे, हे त्यावरील उपाय होत.

दुसरे कारण गणिताचे आहे. ४०० अश्वशक्तीच्या टर्बो इंजिनास दर अश्वशक्तीमागे ताशी सुमारे २७० ग्रॅम पेट्रोल लागते असे धरल्यास ताशी १०८ किलोग्रॅम, म्हणजे जवळजवळ १४५ लिटर, इतकी गरज निघते. पंपावर छापलेला आकडा मात्र ठरावीक दाबाचा व ठरावीक व्होल्टचा असतो. टर्बोने १ बार दाब वाढविला की नियामक इंधनाचा दाबही ३ बारवरून ४ बारवर नेतो. दाब वाढला की पंपाचा प्रवाह घटतो. म्हणजे मागणी कमाल असते त्याच क्षणी पुरवठा आक्रसतो. भारतात प्रचलित झालेल्या २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोलाची त्यात भर पडते. तेवढ्याच हवेसाठी हे इंधन वजनाने सुमारे ८ ते ९ टक्के अधिक लागते. तेव्हा निवड छापील आकड्यावरून न करता प्रत्यक्ष दाबावरील प्रवाहावरून, काही अधिक्य राखून, करावी.

तिसरे कारण वीजपुरवठ्याचे. बारीक तार, गंजलेला जोड किंवा झिजलेला रिले यांमुळे बॅटरीपाशी पुरेसे असलेले व्होल्ट पंपापाशी पोहोचत नाहीत. पंप मंदावतो, आणि दोष मात्र त्याच्यावर येतो. इंजिनावर भार असताना पंपाच्या टोकांपाशीच व्होल्ट मोजले म्हणजे ही शंका फिटते. चौथे कारण गाळणीचे. शोषणाच्या बाजूची जाळी चोंदली की तेथील दाब उतरतो, तापलेल्या पेट्रोलात वाफेचे बुडबुडे निर्माण होतात आणि पंपाचे अंतरंग झिजते. पुढील गाळणी चोंदल्यास पंपाला अधिक दाबाविरुद्ध झटावे लागते व तो अधिक वीज खातो.

या चिकित्सेला आणखीही एक गंभीर बाजू आहे. साध्या गाडीचा पंप मंदावला तर ‘गाडी पिकअप घेत नाही’ एवढीच तक्रार उद्भवते. टर्बो इंजिनात पूर्ण भारावर इंधन अपुरे पडले तर मिश्रण विरळ होते, ज्वलन अनियंत्रित होते आणि काही सेकंदांत पिस्टन वितळू शकतो.

अर्थात काही वेळा ‘पंप गेला’ हे विधान अक्षरशः खरे असते. कमी घनतेच्या प्लास्टिकची पंपातील फिरती चकती इंधन शोषून फुगते व अडकते, या दोषासाठी टोयोटाने २०२० साली लक्षावधी गाड्या परत बोलाविल्या. तेथे कर्ता पंपातच होता. तथापि हा निष्कर्ष दाब, प्रवाह, व्होल्ट व गाळणी यांच्या तपासणीनंतरच काढावयाचा असतो. निदान हे सकर्मक वाक्यात मांडता येईपर्यंत ते अपुरेच समजावे.