कार्ड घेतलासा न्हवं?

पहाटे साडेपाच. पलटण सुटली, जाग येण्याची वेळ सुटली नाही. गोठा उरकून चहा हातात घेतो तोवर दारात माणूस उभं. आज खालच्या गल्लीतल्या काकू, हवालदाराच्या विधवा.

"तात्या, येतासा न्हवं संगं?"

"येतो की. कार्ड घेतलासा न्हवं? आधार? मागची चिठ्ठी?"

काकूंनी पिशवीतून रुमाल काढला, रुमालातून प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यातून ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं कार्ड. त्याच पिशवीत नवऱ्याचा पासपोर्ट फोटो, मेडल लावलेला. त्या फोटोचं तिथं काही काम नसतं, पण मी तो घरी ठेवा असं कधी म्हणत नाही.

मी फौजेत क्लार्क होतो. तिथं लोकांच्या रजा आणि लग्न-पोरांच्या नोंदींच्या पार्ट टू ऑर्डर लिहिल्या, आता बेळगुंदीत त्यांच्याच रेफरलमागं फिरतो. अमेरिकेत माजी सैनिकांच्या सरकारी इस्पितळांत रुग्णाची बाजू मांडायला पगारी माणूस नेमलेला असतो म्हणे. आमच्याकडं तसं पद नाही. ज्याला फॉर्म भरता येतो त्याच्या गळ्यात ते आपसूक पडतं.

सातच्या बसला कॉलेजची पोरं दाराला लोंबकळतात. काकूंनी आधार दाखवून शून्याचं तिकीट घेतलं. 11 जून 2023 पासून कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट आहे, मला मात्र पैसे मोजावे लागतात. गणेशपूर मागं पडलं की कॅम्प आला.

मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र 1922 पासून बेळगावात आहे. त्यामुळं इकडच्या खेड्यांत पेन्शनर गल्लोगल्ली. पूर्वी त्यांना औषधाला मिलिटरी हॉस्पिटलच तेवढं होतं. 1 एप्रिल 2003 ला ईसीएचएस सुरू झाली आणि पॉलिक्लिनिक आलं. कार्ड मशीनला लावायचं, नंबर घ्यायचा, डॉक्टरांनी तपासून गरज वाटली तर यादीतल्या हॉस्पिटलला रेफरल. ऐकायला सोपं आहे.

नऊ वाजून गेले, काकूंचा नंबर आला. डॉक्टरांनी विचारलं, "दिसतंय का नीट?"

"दिसतंय की साहेब."

माझं खरं काम इथं असतं. फौजेत दुखणं सांगणारा कामचुकार ठरतो. ती सवय पेन्शनीत जात नाही, आणि नवऱ्याची बायकोलाही लागते. साहेबांसमोर छाती काढून "ठीक आहे" म्हणायचं आणि बाहेर बाकावर येऊन कण्हायचं, असे सुभेदार मी किती पाहिले. म्हणून मी मध्ये बोललो, "साहेब, काल चुलीवर दूध उतू गेलं ते यांना वासावरनं कळलं. पायरीवरनं दोनदा पडल्या." डॉक्टरांनी बॅटरी घेतली, डोळ्यात मारली. मोतीबिंदू पिकलेला. रेफरल निघालं. काकू माझ्यावर रुसल्या, दूध उतू गेल्याचं चारचौघांत सांगितलं म्हणून.

औषधाच्या खिडकीवर फार वेळ गेला नाही. एखादी गोळी नसली तर चिठ्ठीवर 'एनए'चा, म्हणजे उपलब्ध नसल्याचा शिक्का मारून घ्यायचा, बस्स.

बाराच्या सुमारास हॉस्पिटल. काउंटरवरची मुलगी नवीन, तिनं अनामत मागितली. यादीतल्या हॉस्पिटलनं ईसीएचएसच्या रुग्णाकडं अनामत मागायची नसते. मी आवाज चढवत नाही, "मॅडम, तुमच्या करारात बघा की," एवढंच म्हणतो. तिनं आतून विचारून आणलं आणि तारीख दिली. वॉर्ड जनरल, कारण हवालदारापर्यंत जनरल, नायब सुभेदार ते सुभेदार मेजर सेमी-प्रायव्हेट, अधिकाऱ्यांना प्रायव्हेट. मोतीबिंदू काही रँक विचारून येत नाही, पण नियम आहे.

वडापाव तोंडात असतानाच फोन. शेजारच्या गावातल्या नायकाला रात्री छातीत कळ आली, पोरानं जवळच्या दवाखान्यात टाकलं. दवाखाना यादीत नाही. आधी पोराला धीर दिला, मग सांगितलं: पॉलिक्लिनिकला 48 तासांच्या आत कळव, आजच कळव. डिस्चार्ज समरी, इमर्जन्सीचा दाखला, सगळी बिलं जपून ठेव. स्टेंट घातला तर त्याच्या डब्यावरचं स्टिकर माग, नर्स ते डब्यासकट कचऱ्यात टाकते. आणि पैसे परत मिळतात ते सरकारी दरानं, बिलाच्या आकड्यानं नव्हे, हे घरात आत्ताच सांग. नंतर भांडणं होतात.

तीन वाजता रेकॉर्ड ऑफिस. मराठ्यांचं रेकॉर्ड इथंच आहे, हे आमचं नशीब. तोफखान्यातल्याला नाशिक रोडला लिहावं लागतं, महार रेजिमेंटवाल्याला सागरला. आज एका माजी शिपायाच्या बायकोच्या नावाचं काम होतं. भरतीनंतर क्लार्कनं नाव लिहिलं 'पार्वती', रेशनकार्ड कन्नडमध्ये, आधारवर इंग्रजीत 'पारव्वा'. बाई एक, सरकारच्या लेखी दोघी. नवरा जिवंत असेतो हे कुणाला दिसत नाही. तो गेला की फॅमिली पेन्शन अडते, नवं कार्ड अडतं आणि रेफरलही. ॲफिडेव्हिट, दोन्ही नावांचा पुरावा, अर्ज दिला, पोच घेतली. पोच न घेता टेबल सोडायचं नाही, हा पलटणीतला धडा.

साडेसहाला गावात. जेवणाआधी कट्ट्यावर दोघंतिघं कागद घेऊन बसलेले असतात. एकाला आईला कार्डावर घ्यायचंय. आईचं उत्पन्न महिन्याला महागाई भत्ता सोडून 9,000 रुपयांच्या आत असेल तर होतं, म्हटलं, उत्पन्नाचा दाखला आण.

हे वाचणाऱ्यांत कुणी पेन्शनर असेल तर एक करा. आज रात्री ट्रंक उघडा, डिस्चार्ज बुक आणि पीपीओ, म्हणजे पेन्शनचा हुकूम, काढा, बायकोचं नाव आणि जन्मतारीख तिच्या आधारशी अक्षर अन् अक्षर ताडून बघा. फरक असेल तर तुम्ही हयात आहात तोवर दुरुस्त करा. तुमच्या एका सहीनं होणाऱ्या कामाला तिला मागाहून वर्षं लागतील.