बँडची सहल, पण वाजवणार कुठे?

दिवाळीची सुट्टी संपली की शाळाशाळांतून सहलीच्या सूचना निघतात आणि त्यात वॉटर पार्कचं नाव हमखास असतं. बँड पथकाची वेगळी सहल काढायची ठरली तरी बेत फारसा बदलत नाही. वाद्यं शाळेच्या कपाटात कुलूपबंद आणि मुलं पाण्याच्या घसरगुंडीवर. मजा येते, नाही असं नाही. पण मग ती बँडची सहल कसली?

ही सहल ठरवताना आधी विचारावं, मुलं कुठे वाजवणार आणि काय ऐकणार? ठिकाण मग सुचतं. खर्चही उतरतो, कारण ऐकण्या-वाजवण्याच्या बऱ्याच जागांना तिकीटच नसतं.

कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडच्या शाळांना मिरज जवळ आहे. तिथल्या सतारमेकर गल्लीत दीडशेहून अधिक वर्षं तंतुवाद्यं घडतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पंढरपूरच्या बाजूने आलेले भोपळे रचून ठेवलेले दिसतात. भोपळा भिजवून कापायचा, आकार द्यायचा, वाळवायचा, मग लाकडाशी जोडायचा. मुलांनी मुद्दाम पाहावं ते जवारी काढणं. कारागीर तारांखालच्या घोडीवरून कानस फिरवतो, तार छेडून ऐकतो, पुन्हा फिरवतो आणि मघाशी बंद वाटणारा आवाज खुलतो. रोज साइड ड्रमचे स्क्रू पिळणाऱ्या पोराला हे शब्दांत समजावून सांगावं लागत नाही. कारखाने मात्र लहान असतात. आठ-दहा मुलांचेच गट पाठवा, बाकीच्यांनी तोवर एखाद्या स्थानिक शाळेच्या पटांगणात वाजवावं. कारागिराला आधी विचारा आणि त्याच्या वेळेचे पैसे द्या. त्याचा खोळंबा आपल्या ‘ज्ञानदर्शना’साठी फुकटात का व्हावा?

पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुन्या वाद्यांचं दालन आहे. मुंबईत 2006 पासून एनसीपीए या कलासंस्थेचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे. तालीम ऐकायला मिळेल का, हे एनसीपीएला पत्र पाठवून विचारायला काय हरकत आहे? फार तर नकार येईल.

आता पैशांचं. पथकात पस्तीस-चाळीस मुलं असली तर एक बस पुरते आणि शालेय सहलीसाठी एसटी महामंडळ भाड्यात 50 टक्के सवलत देतं. शाळेचं पत्र घेऊन आगारात लवकर जावं, कारण हंगामात गाड्या मिळत नाहीत. बजेट फुगतं ते मुक्कामाने. लॉजऐवजी यजमान शाळेचे वर्ग मागा. बदल्यात सकाळच्या परिपाठाला आपला बँड वाजू दे, त्यांचं लेझीम पथक आपल्या मुलांना पाहू दे. बेस ड्रम तिथलाच वापरता आला तर बसमधली जागाही वाचते. बाकीची वाद्यं मुलांच्या चादरींत गुंडाळावीत. पितळेला पोचे पडत नाहीत आणि अंथरूण तर न्यायचंच असतं.

तरीही काही घरांना वर्गणी जड जाते. अशा मुलांची यादी फळ्यावर लिहून दाते शोधणं ही क्रूर चाल आहे. बँडला वर्षभर उद्घाटनांची, मिरवणुकांची बोलावणी येतात. तिथलं मानधन पथकाच्या नावे साठवलं तर सगळ्यांचीच वर्गणी सारखी कमी होते आणि कुणाला काही कळतही नाही.

स्पर्धेलाच सहल म्हणणं मला पटत नाही. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय शालेय बँड स्पर्धेत मुलांचे आणि मुलींचे ब्रास व पाइप बँड उतरतात. तिथवर जाणं मोठीच गोष्ट. पण त्या दिवशी मुलं दुसऱ्याचं वादन कानाने ऐकत नाहीत, धास्तीने ऐकतात.

परवानग्यांत टाळाटाळ नको. 2016 मध्ये मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या कॉलेजचे चौदा विद्यार्थी सहलीत बुडाले. शिक्षण विभागाची परवानगी, पालकांचं संमतिपत्र, मुलींसोबत शिक्षिका आणि रात्रीचा प्रवास नाही, यांतलं काहीही खर्चाच्या नावाखाली कापू नये.

डिसेंबरात सगळीकडे स्नेहसंमेलनं असतात, जानेवारीत 26 तारखेच्या तालमी. त्यामुळे यजमान शाळेला पत्र गणपतीच्या सुट्टीआधीच गेलेलं बरं.