मदरबोर्ड बदलताना : मिरासदार कोण, उपरी कोण?

विंडोज १० ची अधिकृत मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, या वार्तेवर आजवर पुष्कळ शाई खर्च झाली आहे. तिच्यामुळे नव्या संगणकांच्या जाहिरातींना आलेला बहरही वाचकांनी पाहिला आहे. ज्या गोष्टीचा ऊहापोह मात्र फारसा कोठे झाला नाही ती अशी, की आपले यंत्र विंडोज ११ च्या कसोटीस उतरत नाही असे कळल्यावर अनेक काटकसरी गृहस्थ ते भंगारात न घालता, कॅबिनेट, पडदा आणि डिस्क जागच्या जागी ठेवून, मदरबोर्ड, प्रोसेसर आणि मेमरी एवढाच ऐवज बदलून घेत आहेत. हा मार्ग शहाणपणाचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. परंतु बोर्ड बदलून देणारा कारागीर पुढचे वाक्य इतक्या सहजतेने उच्चारतो, की त्यातील विध्वंस गिऱ्हाइकाच्या ध्यानीही येत नाही. ते वाक्य म्हणजे, "फॉरमॅट मारून नवी विंडोज टाकून देतो."

पुण्याच्या पेठेतील माझ्या एका स्नेह्यांच्या छापखान्यात हे वाक्य मी स्वतः ऐकले. लग्नसराई तोंडावर आलेली, आणि अक्षरजुळणीच्या संगणकाचा बोर्ड गेलेला. कॅबिनेटची बाजू उघडल्यावर प्रोसेसरलगतचे तीन कंडेन्सर माथ्यावर फुगून आलेले दिसत होते आणि एकाच्या बुडाशी तपकिरी खरड जमली होती. "काका, तासाभराचं काम आहे," कारागीर म्हणाला. काकांनी मान हलविली आणि शांतपणे उत्तर दिले, "अरे बाबा, यंत्र तू तासात उभं करशील, पण आतला संसार कोण लावून देणार?"

हा संसार म्हणजे काय, हे मराठी मुद्रणव्यवसाय ज्यांनी जवळून पाहिला आहे त्यांनाच नीट समजेल. युनिकोड सर्वत्र रुळण्यापूर्वी श्रीलिपी, आकृती, आयएसएम अशा प्रणालींवर आपल्याकडील पत्रिका, पंचांगे, दिवाळी अंक आणि पाठ्यपुस्तके जुळविली गेली. पेजमेकरची शेवटची, सातवी आवृत्ती २००१ साली निघाली, तरी तिच्यात जुळविलेली पाने अजून अनेक छापखान्यांच्या दप्तरी जिवंत आहेत. अशा पानातील मजकूर हा त्या विशिष्ट फॉन्टच्या सांकेतिक क्रमांकांचा समूह असतो. तो फॉन्ट, त्याची ती आवृत्ती, तिच्याशी जुळणारा कळफलक यांपैकी एक जरी हरवले, तरी पडद्यावर मराठीऐवजी निरर्थक चिन्हांची रांग उभी राहते. म्हणून कार्यप्रणाली जशीच्या तशी नव्या बोर्डावर चालू ठेवणे ही काकांच्या दृष्टीने पंचवीस वर्षांच्या कामाची राखण होती.

कार्यप्रणालीस बोर्ड बदललेला का खपत नाही, याचे मूळ कारण एका वाक्यात सांगता येते: किल्ली पेटीत आणि पेटीला कुलूप. डिस्क वाचण्यासाठी बोर्डावरील नियंत्रकाचा चालक, ज्यास सर्व जण ड्रायव्हर म्हणतात, तो लागतो. आणि तो ड्रायव्हर असतो डिस्कवरच. बोर्डाच्या आरंभिक व्यवस्थेने पहिला घास भरविल्यानंतर विंडोजला स्वतःच्या पायांवर उभे राहावयाचे असते. त्या क्षणी तिला ठाऊक असलेला नियंत्रक जागेवर नसला, तर ती निळा पडदा दाखवून थांबते. ०एक्स७बी हा त्या पडद्यावरचा क्रमांक जुन्या कारागिरांना तोंडपाठ आहे. विंडोज एक्सपीच्या काळी यात आणखी एक अडचण असे: यंत्राच्या प्रकारानुसार निवडलेला एक मूलस्तर, ज्याचे आद्याक्षरी नाव हॅल, स्थापनेच्या वेळीच कायम होई, आणि निराळ्या घडणीच्या बोर्डावर त्याची गाठ पडताच सारे ठप्प होई. व्हिस्टापासून हा स्तर दर आरंभी नव्याने पारखला जाऊ लागला, आणि विंडोज ८ पासून पुढे तर नेहमीच्या नियंत्रकांचे ड्रायव्हर इतके सोबत येऊ लागले, की बोर्ड बदलल्यानंतरच्या पहिल्या आरंभी "उपकरणे सज्ज होत आहेत" अशा अर्थाची सूचना काही काळ झळकते आणि बहुधा काम निभावते.

लिनक्सची गोष्ट येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. तिचे केंद्र दर आरंभी समोरचे यंत्र नव्याने न्याहाळते, डिस्कचे विभाग त्यांच्या स्वतंत्र ओळखक्रमांकाने शोधते, आणि आरंभीच्या छोट्या संचिकेत पुरेसे ड्रायव्हर भरलेले असले तर इंटेलच्या बोर्डावरून उचललेली डिस्क एएमडीच्या बोर्डावर लावली असताही बहुधा निमूटपणे उभी राहते. फार तर नेटवर्कच्या जोडणीचे नाव बदलते, किंवा जुन्या बोर्डाच्या स्मृतीत राहून गेलेली आरंभाची नोंद नव्यावर पुन्हा करावी लागते. ज्या प्रणालीत परवान्याचा प्रश्नच नाही, तिला यंत्र बदलल्याचे वैषम्य वाटण्याचे कारण नाही.

कारण आजची खरी अडचण ड्रायव्हरची नाहीच, ती परवान्याची आहे. एक्सपीबरोबर २००१ साली सक्रियीकरणाची प्रथा आली. यंत्रातील दहा घटकांवरून एक ठसा तयार होई आणि बरेच घटक एकदम बदलले की पुन्हा नोंदणीचा तगादा लागे. पुढे या ठशात मदरबोर्डाला असे महत्त्व प्राप्त झाले, की व्यवहारात बोर्ड म्हणजेच यंत्र. आपल्या जुन्या महसुली व्यवस्थेत मिरासदार आणि उपरी असा भेद होता: मिरासदाराचा हक्क वंशपरंपरेचा, विकता येण्याजोगा, उपऱ्याने जमीन कसावी, पण ती आपली म्हणू नये. विंडोजच्या परवान्यांत हाच भेद आजही जसाच्या तसा नांदतो आहे. दुकानातून स्वतंत्र विकत घेतलेला परवाना एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेता येतो, तो मिरासदाराचा. तयार संगणकाबरोबर आलेला परवाना त्या यंत्राशी जखडलेला असतो, आणि विंडोज ८ पासून त्याची किल्लीही पुष्कळदा बोर्डाच्याच स्मृतीत कोरलेली असते, तो उपऱ्याचा. बिघडलेला बोर्ड निर्मात्याने बदलून दिला तर नवा परवाना लागत नाही, मात्र हौसेने वा सोयीसाठी चांगला बोर्ड घातला तर लागतो, हा नियम कागदावर आहे. पण ज्या गृहस्थाने संगणकाच्या किमतीतच परवान्याचे पैसे भरले, त्याला ही अट खरेदीच्या वेळी कोणी वाचून दाखवीत नाही, आणि मला हे अन्यायाचे वाटते.

काकांच्या मराठी टंकप्रणालीची व्यवस्था याच्या नेमकी उलट होती. तिचा परवाना म्हणजे अंगठ्याएवढे एक डोंगल, ज्यास छापखान्यात नुसते "लॉक" म्हणतात. काका ते रोज रात्री काढून गल्ल्याच्या खणात, उदबत्तीच्या पुड्याशेजारी ठेवीत. ज्या यंत्रात लॉक, त्या यंत्रात मराठी. बोर्डाशी त्याला कर्तव्य नाही. सनद मालकाच्या हाती असण्याचे सुख काय असते, हे त्या खणाकडे पाहून कळते.

याहून गंभीर बाब कूटबद्धतेची. अलीकडच्या अनेक यंत्रांत डिस्कवरील सर्व मजकूर मालकाच्या नकळत कूटबद्ध होतो, आणि त्याची किल्ली बोर्डावरील टीपीएम नावाच्या सुरक्षा घटकात राहते; विंडोज ११ ज्याची दुसरी आवृत्ती सक्तीची मानते तोच हा घटक. बोर्ड बदलला की हा साक्षीदार नाहीसा होतो आणि पडदा ४८ अंकी पुनःप्राप्ती-किल्ली मागतो. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात अथवा कागदावर नसेल, तर जगातील कोणताही कारागीर तो मजकूर परत देऊ शकत नाही. म्हणून जुना बोर्ड जिवंत असेल तोवरच ही ४८ अंकांची किल्ली लिहून घ्यावी, कूटबद्धता तात्पुरती स्थगित करावी, डिस्कची पूर्ण नक्कल दुसऱ्या डिस्कवर काढावी, आणि विंडोजचा परवाना आपल्या खात्याशी जोडलेला आहे की नाही ते पाहावे. २०१६ च्या ऑगस्टमधील सुधारणेपासून ही जोडणी करता येते, आणि ती असेल तर "यंत्रातील भाग नुकताच बदलला" असे सांगून परवाना पुन्हा मागता येतो.

काकांच्या यंत्रात कूटबद्धता नव्हती, हे सुदैव. डिस्क दुसऱ्या संगणकास जोडून तिची नक्कल आधी काढली. नवा बोर्ड बाराव्या पिढीच्या प्रोसेसरसाठीचा होता, आणि पडद्यासाठी प्रोसेसरमधील अंगचेच चित्रयंत्र वापरावयाचे असल्याने जुन्या बायोसच्या रीतीने सुरू होण्याची सोय तेथे नव्हती. डिस्कची मांडणी मात्र जुनी, एमबीआर पद्धतीची, आणि नव्या रीतीस तर जीपीटी ही मांडणी लागते. पूर्वी येथेच फॉरमॅट मारला गेला असता. परंतु २०१७ पासून विंडोजबरोबर मांडणी बदलण्याचे एक साधन येते, जे मजकुरास धक्का न लावता एमबीआरचे जीपीटी करते. कारागिराने ते पूर्वी कधी वापरले नव्हते. पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू करून त्याने आधी नुसती तपासणी करणारी आज्ञा दिली, ती पार पडल्यावर खरी दिली, आणि मिनिटाभरात काम आटोपल्यावर तो स्वतःच पडद्याकडे पाहत राहिला. मग आरंभ झाला, उपकरणे सज्ज होत असल्याची सूचना आली, यंत्र आपणहून दोनदा बंद होऊन सुरू झाले, आणि काकांचा जुना पडदा, गणपतीच्या चित्रासह, समोर आला.

परवाना दुकानातून घेतलेला होता. खाते मात्र नाशिकला निघून गेलेल्या जुन्या ऑपरेटरच्या नावे उघडलेले. रात्री साडेनऊला काकांनी त्याला फोन लावला. त्याने आपल्या मोबाइलवर आलेले आकडे एकेक करून वाचून दाखविले, कारागिराने ते भरले, कोपऱ्यातील सक्रियीकरणाची सूचना मावळली. फोन ठेवण्यापूर्वी पलीकडून त्याने विचारले, "काका, तो 'सूर्यवंशी'तला 'र्य' मी हाताने बसवला होता, तो नीट दिसतोय ना?" काकांनी लॉक लावले, अर्धवट राहिलेली पत्रिका उघडली, चष्मा कपाळावर सरकवून पडद्याजवळ वाकले आणि म्हणाले, "दिसतोय रे."