साऊंड-लाइट भाड्याने देताय? माल दुकानाबाहेर पडल्यावर तुमचा विमा चालतो का?

लग्नसराई, १४ एप्रिल, गणपती, माळेगावची यात्रा... आपल्या नांदेड-लातूर पट्ट्यात साऊंड-लाइटवाल्याचा माल सीझनमध्ये दुकानात कमी आणि बाहेरच जास्त असतो. विमा मात्र बहुतेकांनी दुकानाचाच काढलेला असतो. म्हणून आज एकच गोष्ट समजून घेऊ: माल जिथे जिथे जातो, तिथे तिथे विमा आहे का?

१. गोडाऊन. छोट्या धंद्यांसाठी १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही पॉलिसी आहे. एका ठिकाणी ५ कोटींपर्यंतची मालमत्ता असेल तर ती घेता येते. आग, वीज पडणं, वादळ, पूर, भूकंप यात येतात. १९९३ चं किल्लारी आठवणाऱ्याला भूकंपाचं वेगळं सांगायला नको. पण हे संरक्षण मुख्यतः पॉलिसीवर लिहिलेल्या पत्त्यापुरतं असतं. आणि कुलूप तोडून चोरी झाली तर त्यासाठी घरफोडीची पॉलिसी वेगळी घ्यावी लागते.

२. रस्ता. ‘टेम्पोचा इन्शुरन्स आहे ना!’ असं बरेच जण म्हणतात. तो गाडीचा आणि गाडीमुळे दुसऱ्याच्या होणाऱ्या नुकसानीचा असतो. मुखेडच्या घाटात टेम्पो पलटी झाला, तर आतल्या मिक्सरचे आणि ॲम्पचे पैसे त्यातून मिळत नाहीत.

३. मंडप. इथे ‘ऑल रिस्क’ किंवा इलेक्ट्रॉनिक इक्विपमेंटची पॉलिसी लागते. फॉर्म भरतानाच ‘माल भाड्याने देतो’ असं स्पष्ट लिहा. ते लपवलं तर क्लेम अडकू शकतो. अवकाळी पाऊस आणि जनरेटरचं व्होल्टेज वाढून ॲम्प जळणं, ही आपल्याकडची दोन नेहमीची नुकसानं. दोन्ही येतात का, ते विचारा. एक लक्षात ठेवा, रात्री १० नंतर परवानगी नसताना वाजवलं आणि पोलिसांनी सेट जप्त केला, तर त्याची भरपाई विम्यात सहसा नसते.

४. गिऱ्हाइकाचा ताबा. तुमचा ऑपरेटर सोबत नसेल तर जास्त जपा. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे गिऱ्हाइकाने वाजवी काळजी घेतली असेल आणि तरी नुकसान झालं, तर वेगळा करार नसताना तो जबाबदार धरला जात नाही. म्हणजे साध्या चिठ्ठीवर माल दिला, तर भुर्दंड तुमच्यावरच. आणि गिऱ्हाईक माल घेऊन गेला, परत आणलाच नाही, तर बऱ्याच पॉलिसी त्याला चोरी मानत नाहीत, विश्वासघात मानतात आणि पैसे देत नाहीत. त्यामुळे लेखी करार, ओळखपत्राची प्रत आणि डिपॉझिट, तिन्ही घ्या. पाहुण्यातला माणूस असला तरी!

५. माणसं. ट्रस पडून कुणाला लागलं, वायरचा शॉक बसला, तर? त्याच कायद्यात असंही आहे की भाड्याने दिलेल्या वस्तूतल्या दोषामुळे नुकसान झालं, तर तो दोष मालकाला माहीत नसला तरी मालक जबाबदार. बाहेरच्या लोकांसाठी पब्लिक लायबिलिटी आणि आपल्या पोरांसाठी एम्प्लॉइज कॉम्पेन्सेशन पॉलिसी असते. स्पीकर परत विकत घेता येतो. पण वायरिंग करणारं पोरगं गेलं तर त्याच्या घरी काय घेऊन जाणार?

आता रकमेचं बघा. माल ८ लाखांचा आणि हप्ता वाचवायला विमा ४ लाखांचा काढला. २ लाखांचं नुकसान झालं. ‘४ लाखांच्या आत आहे, पूर्ण मिळेल’ असं वाटतं. पण अशा पॉलिसींत सहसा प्रमाणात कपात होते. विमा निम्म्याचा, म्हणून भरपाईही निम्मी: १ लाख. त्यातूनही तुमच्या वाट्याची ठरलेली रक्कम वजा होते.

या आठवड्यात एवढं करा. प्रत्येक वस्तूचा सिरीयल नंबर, फोटो आणि बिल एका वहीत किंवा मोबाईलमध्ये लावून ठेवा. मग एजंटला वरची पाचही ठिकाणं एकेक करून विचारा, आणि तो ‘हो, येतं की’ म्हणाला तर पॉलिसीच्या कागदावर कुठे लिहिलंय ते दाखवायला सांगा. नुकसान झालंच तर माल हलवायच्या आधी फोटो काढा आणि कंपनीला लगेच कळवा. चोरी असेल तर आधी पोलीस ठाणं गाठा.

पुढच्या सीझनचा बयाणा घ्यायच्या आधी हे उरकून टाका.