एकेका सर्व्हे नंबराचा गोवा

गोव्यात जमिनीचा झोन हा चहाच्या टपरीवरही चालणारा विषय आहे. बार्देशातला शेतकरी असो की सासष्टीतला भाटकार, म्हणजे जमीनदार, आपला सर्व्हे नंबर 'ऑर्चर्ड'मध्ये पडतो की 'सेटलमेंट'मध्ये, हे त्याला तोंडपाठ असतं. किंमत त्यावरच ठरते. डोंगर उभा राहणार की कापला जाणार, हेही बरंचसं त्यावरच.

या झोनचा उगम १९७४च्या नगरनियोजन कायद्यात आहे. गोवा तेव्हा केंद्रशासित प्रदेश होता. संपूर्ण प्रदेशासाठी एकच प्रादेशिक आराखडा करायचा आणि कुठे वस्ती, कुठे शेती, कुठे बागायत, कुठे जंगल हे त्यात नकाशावर ठरवायचं, अशी ही व्यवस्था. १९८६ साली 'प्रादेशिक आराखडा २००१' आला. पुढे १९९१मध्ये कुळांच्या ताब्यातली शेतजमीन शेतीखेरीज दुसऱ्या कामाला वापरू नये असा कायदा झाला. १९९७मध्ये नगरनियोजन कायद्यातच १७-अ हे कलम घालून परवानगीशिवाय डोंगर कापायला आणि सखल जमिनीत भराव टाकायला बंदी आली. कागदावर बंदोबस्त चांगला होता.

वादळ उठलं ते २००६च्या ऑगस्टमध्ये. सरकारनं 'प्रादेशिक आराखडा २०११' अधिसूचित केला आणि डोंगरउतार, बागायती, शेतं असे मोठे पट्टे वस्तीसाठी खुले झाल्याचं नकाशे बघणाऱ्यांच्या ध्यानात आलं. वास्तुविशारद, डॉक्टर, पाद्री, पंच, शेतकरी असे एरवी एका मांडवाखाली न येणारे लोक डिसेंबरात 'गोवा बचाव अभियाना'त एकत्र आले. नियोजनाचा नकाशा हा निदर्शनाचा विषय होतो, ही गोष्ट भारतात तशी दुर्मीळच. काही आठवड्यांतच, जानेवारी २००७च्या अखेरीस, प्रतापसिंह राणे यांच्या सरकारनं आराखडा गुंडाळला. त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी मुख्यमंत्री दिगंबर कामत यांनी विशेष आर्थिक क्षेत्रं रद्द करत असल्याचं जाहीर केलं. एका वर्षात दोन माघारी.

नवा आराखडा करण्यासाठी कृतिदल नेमलं गेलं. त्याचे उपाध्यक्ष होते चार्ल्स कोरिया. पणजीची कला अकादमी त्यांचीच आणि नवी मुंबईच्या कल्पनेतही त्यांचा मोठा वाटा, म्हणजे माणूस गोव्याला परका नव्हता. या आराखड्यात दोन गोष्टी ठळक होत्या. एक, मसुदा गावांपर्यंत नेऊन ग्रामस्तरीय समित्यांकडून सूचना मागवल्या गेल्या. दुसरी, संवेदनशील जमिनीचे दोन वर्ग केले गेले: 'इको-१' आणि 'इको-२'. जंगलं, पाणथळ जागा आणि खाजन जमिनी पहिल्या वर्गात आल्या.

खाजनाचं महत्त्व गोव्याबाहेरच्या वाचकाला सहज कळत नाही. भरतीच्या पाण्याखाली जाणारी खाडीकाठची जमीन बांध घालून लागवडीखाली आणलेली आणि पाण्याची ये-जा 'मानशी'च्या दारांनी राखलेली. गावकऱ्यांनी, म्हणजे पुढे ज्यांना कोमुनिदाद म्हटलं गेलं त्या संस्थांनी, शतकानुशतकं सांभाळलेलं हे क्षेत्र सुमारे १८ हजार हेक्टर. तिथं भात पिकतं, मासे मिळतात, पुराचं पाणी जिरतं. बांध फुटला की खारं पाणी शेतात शिरतं, आणि पडीक शेतावर बिल्डरची नजर जायला मग फार वेळ लागत नाही.

हा नवा आराखडा, म्हणजे 'प्रादेशिक आराखडा २०२१', असा २०११पर्यंत टप्प्याटप्प्यानं तालुक्यांना लागू झाला. साल तेच २०११, पण आराखडा दुसराच! पुढच्याच वर्षी मनोहर पर्रीकर यांचं सरकार आलं आणि आराखडा स्थगितीत ठेवला गेला. आक्षेप होतेच: काही गावांना सूचना ऐकल्या गेल्या नाहीत असं वाटत होतं, काही मालकांना आपल्या जमिनीवर अन्याय झाला असं. दोघांनाही थोडा न्याय देता आला असता. पण थांबवलेल्या आराखड्यानं सगळ्यांचाच गोंधळ केला.

पुढे तोच आराखडा पुन्हा वापरात आला, पण लढाईचं मैदानच बदललं. अख्खा नकाशा बदलायला जावं तर रस्त्यावर लोक येतात, हा धडा २००६नं दिला होता. म्हणून बदल एकेका सर्व्हे नंबराचा. २०१८मध्ये १६-ब कलमानं वैयक्तिक अर्जावर झोनबदलाची वाट उघडली. ती न्यायालयात अडकली. २०२३मध्ये १७(२) आलं. आराखड्यात नजरचुकीनं राहिलेले दोष सुधारण्यासाठी, असं त्याचं कारण दिलं गेलं. दुरुस्तीची दिशा मात्र बहुतेक एकच: भातशेती, बागायत किंवा नैसर्गिक आच्छादनातून थेट सेटलमेंटकडे. चूक दुरुस्त होऊन वस्तीची जमीन शेत झाली, अशा बातम्या काही झळकत नव्हत्या. आणि एवढ्या चुका असलेला नकाशा सरकारनंच इतकी वर्षं वापरला कसा?

गोवा फाउंडेशन, खाजन सोसायटी आणि गोवा बचाव अभियान न्यायालयात गेले. मार्च २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं १७(२)खालचे नियम आणि मार्गदर्शक तत्त्वं रद्द केली आणि कलमाचा अर्थही मर्यादित केला. तुकड्यातुकड्यानं केलेला बदल मूळ आराखडाच पोखरून टाकतो, हा याचिकाकर्त्यांचा मुद्दा होता, आणि आजवरच्या इतिहासाकडे पाहता तो खोडून काढणं अवघड आहे.

पण या निकालाच्या आधीच, २०२४मध्ये, ३९-अ कलम कायद्यात आलं होतं. त्यात अर्ज येतो, झोनबदलाची सूचना प्रसिद्ध होते, हरकतींसाठी ३० दिवस मिळतात आणि मग निर्णय होतो. हरकत नोंदवायची तर आधी सूचना सापडायला हवी, नकाशा वाचता यायला हवा आणि शेजारच्या जमिनीबद्दल बोलायची तयारी हवी. ग्रामसभांमधून या कलमाला विरोध होत आला, त्यालाही न्यायालयात आव्हान मिळालं. ज्या आराखड्यावर ही सगळी ओढाताण चालली, त्याच्या नावातलं २०२१ हे साल तर केव्हाच मागे पडलं. तरी शेत कुठलं, वस्ती कुठली हे पाहायला २०२५मध्येही त्याचीच पानं उलटावी लागत होती.